विंगर : पगाराची मागणी आणि रिकाम्या जागेचा शोध

फुटबॉलच्या मैदानात डाव्या किंवा उजव्या कडेने चढाई करणाऱ्या आघाडीपटूला विंगर म्हणतात. नावाजलेल्या विंगरने करार वाढवताना मोठा पगार मागणे, क्लबने तो देणे किंवा नाकारणे, आणि नाकारल्यावर त्याच्या जागी दुसरा खेळाडू शोधणे, हा व्यावसायिक फुटबॉलमध्ये दर हंगामाला चालणारा व्यवहार आहे. युरोपात त्यात कोट्यवधी युरोंची उलाढाल होते. पुण्याने या व्यवहाराची दुसरी बाजू पाहिली. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे चार व्यावसायिक क्लब २००७ ते २०१९ या काळात शहरात उभे राहिले आणि बंदही पडले. त्यांच्याकडे घडलेले विंगर मात्र आजही देशातल्या मोठ्या क्लबांच्या पगारपत्रकावर आहेत.

विंगरच का

गोलरक्षकाचा किंवा मधल्या बचावपटूचा करार रखडला तर त्याची फारशी चर्चा होत नाही. विंगरचा रखडला की होते. समोरच्या बचावपटूला एकट्याने चकवून जागा मोकळी करणे हे काम संघात फार थोड्यांना जमते, आणि ज्याला जमते तो प्रेक्षकांच्या लगेच डोळ्यांत भरतो. आता विंगर फक्त क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) देणारा राहिलेला नाही. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या कडेला ठेवायचा, त्याने आत वळून गोलवर मारायचे आणि त्याच्या मागून फुल-बॅकने, म्हणजे कडेच्या बचावपटूने, कडेने धावायचे, ही रचना रुळल्यापासून गोलांचा मोठा वाटा विंगरकडे आला. गोल करणाऱ्याचा पगार नेहमीच चढा असतो, त्यामुळे विंगरची मागणीही स्ट्रायकरच्या पातळीला जाऊन पोहोचली.

दुसरी अडचण वयाची. विंगरचे भांडवल म्हणजे पहिल्या पाच-दहा मीटरांतला वेग, आणि तोच आधी ओसरतो. म्हणून २८ ते ३० वयाचा विंगर करारावर बसतो तेव्हा त्याला पुढच्या चार वर्षांची हमी हवी असते आणि क्लबला नेमकी तीच द्यायची नसते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अपवाद अर्थात आहेत. मोहम्मद सलाहने एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, लिव्हरपूलशी आणखी दोन वर्षांचा करार केला. त्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये त्याचे २९ गोल आणि १८ असिस्ट (गोलासाठी दिलेले शेवटचे पास) झाले आणि लिव्हरपूल विजेते ठरले. अशा खेळाडूला वयाचे कारण सांगणे अवघडच होते.

मागणीत काय काय असते

बातम्यांत एकच आकडा येतो, करारात मात्र अनेक असतात : मूळ पगार, सही केल्याबद्दलची रक्कम, सामने, गोल आणि विजेतेपदांवरचा बोनस, खेळाडूच्या छबीचा जाहिरातीसाठी वापर करण्याचे हक्क, आणि एजंटचा वाटा. शिवाय इंग्लंडमध्ये पगार आठवड्याचा आणि करापूर्वीचा सांगतात, तर इटलीत वर्षाचा आणि कर वजा जाता. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर हमखास फसगत होते.

खेळाडूच्या हातातले खरे हत्यार म्हणजे कॅलेंडर. करार संपायला सहा महिने राहिले की तो परदेशी क्लबशी पुढच्या हंगामासाठी बोलणी करून आगाऊ करार करू शकतो, आणि मुदत संपल्यावर जुन्या क्लबला ट्रान्सफरचा, म्हणजे खेळाडू दुसऱ्या क्लबला दिल्याचा, एक पैसाही मिळत नाही. हा हक्क बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मान याच्या खटल्यातून आला. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे करारात दीड-दोन वर्षे शिल्लक असतानाच क्लबला ठरवावे लागते : वाढीव पगार द्यायचा, की भाव आहे तोवर विकायचे.

त्याआधीचा काळ खेळाडूंवर अन्याय करणारा होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. इंग्लंडमध्ये पगाराला कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी ती आठवड्याला २० पौंड होती. खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये ती उठली, आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवणारा पहिला इंग्लिश खेळाडू झाला. १९५६ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा पहिला बॅलन डी'ऑर पुरस्कार मिळवणारा विंगर स्टॅन्ली मॅथ्यूज याची बहुतेक सगळी कारकीर्द त्या मर्यादेखाली गेली होती. त्याच्या नावावर मैदाने भरत, गेटचे उत्पन्न क्लबकडे जाई. आजच्या विंगरला लोभी म्हणण्याआधी हा इतिहास आठवावा.

क्लबच्या बाजूनेही तर्क आहे. एकाचा पगार वाढला की बाकीच्यांचे एजंट दारात येतात. जानेवारी २०१८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने आर्सेनलच्या अलेक्सिस सांचेझला फार मोठ्या पगारावर आणले. क्लबसाठी त्याचे एकूण गोल झाले पाच, पण त्याच्या पगाराचा आकडा पुढे प्रत्येक बोलणीत डोकावत राहिला. युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या नियामक संघटनेने, आता खेळाडूंचे पगार, ट्रान्सफर आणि एजंट यांवरचा एकत्रित खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांपर्यंत आणून ठेवला आहे, त्यामुळे ‘एवढे एकदा देऊन टाकू’ म्हणायची सोय कमी झाली आहे.

जागा कशी भरतात

स्टार गेला की समर्थकांना दुसरा तसाच हवा असतो. तसा मिळत नाही. २०१३ मध्ये टॉटनहॅमने गॅरेथ बेलला रेआल माद्रिदला विकले आणि त्या उन्हाळ्यात सात खेळाडू घेतले. त्यांत क्रिस्टियन एरिक्सन खणखणीत निघाला, पण संघ म्हणून ते सहाव्या क्रमांकावर राहिले. २०१७ मध्ये बार्सिलोनाचा नेमार २२ कोटी २० लाख युरोंना पॅरिसच्या पीएसजी क्लबकडे गेला. बार्सिलोनाच्या हातात पैसे आहेत हे साऱ्या बाजाराला ठाऊक होते, आणि उस्मान डेम्बेलेसाठी त्यांना १० कोटींहून अधिक युरो मोजावे लागले. सहा वर्षे दुखापतींनी पाठ सोडली नाही. तोच डेम्बेले पुढे पॅरिसकडून खेळताना २०२५ चा बॅलन डी'ऑर घेऊन गेला. खेळाडू वाईट नव्हता. घाईने, चढ्या भावाने आणि दुसऱ्याच्या मापाचे काम सोपवून त्याला आणले होते. वडाची साल पिंपळाला लावण्याचे युरोपातले सर्वांत महागडे उदाहरण म्हणून हेच सांगावे लागेल.

चांगले क्लब आधी प्रश्न बदलतात. ‘त्याच्यासारखा कोण’ असे न विचारता तो नेमकी कोणती कामे करत होता, हे मांडतात : चेंडू घेऊन किती पुढे नेतो, समोरासमोरच्या झटापटीत किती वेळा निसटतो, पेनल्टी क्षेत्रात किती वेळा चेंडू घेतो, चेंडू गेल्यावर मागे येतो का. मग ही कामे एकाच माणसाकडून हवीत की वाटून देता येतील, हे ठरते. जानेवारी २०२३ मध्ये आर्सेनल ज्याच्या मागे होते तो मिखायलो मुद्रिक साडेआठ वर्षांचा करार करून चेल्सीकडे गेला. आर्सेनलने काही दिवसांतच ब्रायटनकडून लिआंद्रो त्रोसार याला बऱ्याच कमी किमतीत घेतले. त्रोसार इंग्लंडमध्ये मुरलेला होता, दोन्ही पायांनी खेळणारा, मधेही चालणारा. तो लगेच उपयोगी पडला.

या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा क्लब मात्र नापोली. कर्णधार आणि डावा विंगर लोरेन्झो इन्सिन्ये हा नेपल्सचाच मुलगा. वयाच्या तिशीत नव्या करारावर एकमत झाले नाही, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात तो टोरोंटोला गेला. तिथे त्याला वर्षाला १ कोटी ४० लाख डॉलर मिळू लागले, एमएलएस या अमेरिका-कॅनडातल्या लीगमधला तेव्हाचा सर्वांत मोठा पगार. नापोलीने त्याच्या जागी जॉर्जियातल्या दिनामो बातुमीकडून ख्विचा क्वारात्सखेलिया हा २१ वर्षांचा मुलगा सुमारे एक कोटी युरोंना आणला. नाव उच्चारायलाच लोकांना महिना लागला असेल. पण तो बचावपटूसमोर थांबायचा, चेंडू दोन पायांमध्ये ठेवून खांदा एकीकडे टाकायचा आणि दुसरीकडून निघून जायचा. लीगमध्ये १२ गोल, हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि ३३ वर्षांनी नापोलीला विजेतेपद.

गोष्ट तिथे संपली नाही. आता क्वारात्सखेलिया स्वतः स्टार झाला आणि करारवाढीचे घोडे अडले. जानेवारी २०२५ मध्ये, हंगाम अर्ध्यात असताना, तो पीएसजीकडे गेला. या वेळी नापोलीला त्याच्या तोडीचा कोणी मिळाला नाही. प्रशिक्षक अंतोनिओ काँते यांनी आधीच्या उन्हाळ्यात आलेल्या दाव्हिद नेरेसला डावीकडे वापरले, तो जायबंदी झाल्यावर रचनाच बदलून दोन आघाडीपटू लावले, आणि गोलांची जबाबदारी मध्यफळीतल्या स्कॉट मॅकटॉमिनेकडे सरकली. त्यानेही लीगमध्ये १२ गोल केले. नापोली एका गुणाने विजेते झाले. क्वारात्सखेलियाने त्याच मे महिन्यात पीएसजीसोबत चॅम्पियन्स लीग जिंकली. एकदा जागेवर माणूस आणून आणि एकदा जागाच काढून टाकून, तीन वर्षांत दोन विजेतेपदे. पगाराला नाही म्हणण्याची ताकद कुठून येते ते इथे दिसते : तिजोरीइतकीच ती पर्यायांतून येते.

भारतात आणि पुण्यात

इंडियन सुपर लीगमध्ये क्लबच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा असते. काही हंगाम ती साडेसोळा कोटी रुपये होती. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालतात. क्लब हे चार जण बहुधा मधला बचाव, मध्यफळी आणि स्ट्रायकर यांवर खर्च करतात, आणि कडा भारतीयांकडे येतात. म्हणून देशातल्या चांगल्या भारतीय विंगरला भाव आहे. पण इथे पगाराचे भांडण वाढीपेक्षा वेळेवर मिळण्याचे अधिक असते. २०२५ मध्ये लीगचे हक्क कोणाकडे हे न ठरल्याने हंगाम लांबला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू १५ दिवसांची नोटीस देऊन करार मोडू शकतो. आपल्याकडच्या तरुण खेळाडूंना हा नियम पाठ असायला हवा.

पुण्यात विंगर घडवण्याचे काम दोन ठिकाणी झाले. पुणे एफसीने स्वतःची अकादमी उभी केली. क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, उपविजेता होता, तरी त्याचे मोठे काम अकादमीचेच. मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन तिथे वाढला, नंतर एफसी पुणे सिटीकडून खेळला आणि २०१९ च्या आशियाई चषकात भारतासाठी डाव्या कडेला दिसला. दुसरीकडे डीएसके शिवाजीयन्सने लिव्हरपूलच्या सहकार्याने निवासी अकादमी चालवली. मिझोरमच्या लुंगलेईचा लालियानझुआला छांगते त्यातून पुढे आला. डिसेंबर २०१५ मध्ये दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत नेपाळविरुद्ध त्याने भारतासाठी दोन गोल केले तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पुढे मुंबई सिटीकडून खेळताना २०२२-२३ चा देशातील सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. जेरी माविमिंगथांगा हा आणखी एक वेगवान विंगरही शिवाजीयन्सकडूनच वर आला.

याच काळात एफसी पुणे सिटी मोठी नावे आणत होती. २०१४ मध्ये फ्रान्सचा आघाडीपटू डेव्हिड त्रेझेगे, २०१५ मध्ये रुमानियाचा आद्रियान मुतू. दोघेही कारकिर्दीच्या शेवटाला. बालेवाडीत गर्दी जमली, पण त्या दोन्ही हंगामांत संघ उपांत्य फेरीत पोहोचला नाही. तो पोहोचला २०१७-१८ मध्ये, मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो या लीगमध्ये आधीच खेळलेल्या खेळाडूंच्या जोरावर, सोबतीला आशिकसारखी तरुण पोरे घेऊन. बंगळूरविरुद्ध उपांत्य फेरीत हार झाली. २०१९ मध्ये क्लब बंद झाला, त्याची लीगमधली जागा हैदराबादने घेतली, मार्सेलिन्यो तिकडे गेला आणि आशिक बंगळूरला. आय-लीगमधले तिन्ही क्लब त्याआधीच गेले होते. भारत एफसी तर एकाच हंगामात.

आता पुण्यात विंगर शोधायचा तर जिल्हा संघटनेच्या लीगला जावे लागते. शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस मैदानावर कडेला उभे राहिले की मुलगा हाताच्या अंतरावरून धावत जातो. मातीच्या मैदानावर चेंडू उसळतो, त्यामुळे बहुतेक मुले तो पुढे ढकलून मागे पळणे पसंत करतात, आणि नवखा पाहणारा त्या वेगाला भुलतो. जाणकार प्रशिक्षक चेंडू यायच्या आधी बघतो : मुलाने मान वळवून मागे पाहिले का, पहिला स्पर्श आत घेतला की बाहेर, छाती मैदानाकडे आहे की कडेच्या रेषेकडे. चेंडू गेल्यावर हात कमरेवर ठेवून उभा राहणारा मुलगा त्याच्या वहीतून तिथेच वगळला जातो.

अशा शोधाचा मोबदला ठेवणारा नियम आहे. खेळाडू करार चालू असताना परदेशी क्लबकडे विकला गेला तर ट्रान्सफरच्या रकमेतले ५ टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. घडवणारा क्लबच अस्तित्वात नसेल, तर तो हिस्सा त्या देशाची राष्ट्रीय संघटना मागू शकते, आणि तिने तो युवा फुटबॉलवर खर्च करायचा असतो. छांगते किंवा आशिक उद्या तसे परदेशी गेले, तर पुण्यातल्या त्यांच्या वर्षांचा वाटा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खात्यात जाईल.