एका प्याद्याचा सौदा

बुद्धिबळातल्या इटालियन ओपनिंगच्या (डाव सुरू करायच्या एका ठरावीक पद्धतीच्या) पहिल्या तीन चाली बहुतेकांना तोंडपाठ असतात. दोन्हीकडून राजापुढचं प्यादं दोन घरं, मग एकेक घोडा, मग उंट समोरासमोर. चौथ्या चालीला पांढरा बी४ खेळतो (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८), म्हणजे आपलं बी पट्टीवरचं प्यादं थेट काळ्या उंटाच्या तोंडी देतो. नवख्याला वाटतं, हात चुकला.

ही चाल विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्श जहाजाच्या कप्तानाची. १८२०च्या दशकात लंडनमध्ये त्याने ती मॅकडॉनेलसारख्या बलाढ्य खेळाडूवर वापरली आणि जिंकला. म्हणून नाव पडलं इव्हान्स गॅम्बिट; गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच फायद्यासाठी प्यादं देऊ करणं.

प्यादं देऊन मिळतं काय, ते बोटांवर मोजता येतं. उंटाने ते खाल्लं की पांढरा सी३ खेळून त्याला हुसकावतो आणि उंट ए५ वर पळतो. डी४ रेटण्यासाठी सी३ तशीही खेळायचीच होती. साध्या इटालियनमध्ये सी३ झाली की काळ्याचा दुसरा घोडा एफ६ वर येऊ शकतो. इथे तो घरातच, कारण काळ्याचा वेळ उंटाच्या धावपळीत गेला. हिशेब एवढाच: एक प्यादं देऊन एक चाल विकत घेतली. खेळाडू तिला टेम्पो म्हणतात.

जुना ठोकताळा सांगतो की एक प्यादं म्हणजे साधारण तीन टेम्पो. मग सौदा तोट्याचाच की! पण ठोकताळ्याला पट दिसत नाही. मध्य मोकळा होत असेल आणि समोरचा राजा अजून जागच्या जागी असेल, तर एकेका चालीचा भाव चढतो. त्यात बी२ चं घर रिकामं झाल्याने पांढऱ्याचा दुसरा उंट ए३ वर येऊ शकतो. तिथून मधली वाट मोकळी असली की त्याचा मारा थेट एफ८ पर्यंत, म्हणजे काळ्याला राजाच्या बाजूला किल्लेकोट करता, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेता येत नाही. आणि एफ७ ला राखायला सुरुवातीला राजाशिवाय कोणी नसतं.

१८५२ साली बर्लिनमध्ये जर्मन खेळाडू अँडरसनने ड्युफ्रेनला हरवलेला ‘एव्हरग्रीन’ डाव याच गॅम्बिटचा. त्यात अँडरसनने हत्ती दिला, लगोलग वजीरही दिला. लोकांना तेच आठवतं. मला शेवटची चाल जास्त आवडते. अकराव्या चालीला ए३ वर बसलेला उंट तिथेच ठाण मांडून होता. चोविसाव्या चालीला तो ई७ वर झेपावला आणि मात. वाटेत त्याने ओलांडलेलं पहिलंच घर बी४, जिथे ते प्यादं मेलं होतं.

या गॅम्बिटवर जगज्जेत्या इमॅन्युएल लास्करने काढलेला उतारा अगदी रुक्ष आहे: हाव सोडा. काळा उंट बी६ वर मागे येतो आणि प्यादं परत द्यायची तयारी दाखवतो. पांढऱ्याने ते घेतलं तर वजिराला वजीर जातो, हल्ल्यातली हवा निघते आणि पांढऱ्याची ए आणि सी पट्टीवरची दोन प्यादी एकाकी पडतात. गॅम्बिटची फॅशन ओसरायला हा बचाव बराच कारणीभूत.

तरी १९९५ मध्ये रिगा इथे कास्पारोव्हने हीच चाल आनंदसमोर बाहेर काढली. आनंदने उंट सावधपणे ई७ वर नेला. पण पंधराव्या चालीला पांढरा उंट एच६ वर आला आणि एफ८ चं घर पुन्हा माऱ्यात सापडलं, या वेळी दुसऱ्या बाजूने. किल्लेकोट राहूनच गेला. पंचविसाव्या चालीनंतर आनंदने डाव सोडला तेव्हा त्याचा राजा उघड्यावर उभा होता, एफ७ वर.