उंदीर ग्राही-प्रथिन एलायझा संच

उंदराच्या रक्तात, ऊतींत किंवा पेशींच्या संवर्धनद्रवात एखादे ग्राही प्रथिन (पेशीवर संदेशरेणू पकडणारे प्रथिन, रिसेप्टर) किती आहे, हे प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) मदतीने मोजण्याचा तयार संच. यामागचे एलायझा तंत्र (प्रतिपिंडाला विकर, म्हणजे एन्झाइम, जोडून रंगावरून प्रमाण मोजण्याची पद्धत) १९७१ मध्ये स्टॉकहोम येथे एव्हा एंगव्हाल व पेटर पेर्लमान यांनी आणि त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये आंतोन स्खूर्स व बाउके फान वेमेन यांनी स्वतंत्रपणे मांडले.

ग्राही पेशीपटलात रुतलेला असतो. मग तो सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) सापडतो कसा? एडॅम-१७ सारखी प्रथिनभंजक विकरे टीएनएफ किंवा इंटरल्यूकिन-६ या दाहाशी संबंधित संदेशरेणूंच्या ग्राहीचा पेशीबाहेरचा भाग कापून सोडतात. लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीचे एक रूप तर पटलात रुतणाऱ्या भागाविनाच तयार होते. सीरमवर चालवलेला संच हा सुटा, विरघळलेला अंश मोजतो. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे पेशींवरचे ग्राही वाढले असे नाही. काप वाढल्यास सीरममधला आकडा चढतो आणि पेशीपृष्ठावरचा साठा घटतो. पृष्ठावरचे ग्राही पाहायचे तर फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजण्याचे तंत्र) हवी. ऊतीच्या अर्कात पृष्ठावरचे, पेशीच्या आतले आणि अर्धवट घडलेले असे सगळेच रेणू मोजले जातात. म्हणून निष्कर्षात नुसते ‘ग्राहीची पातळी’ असे लिहिणे अपुरे ठरते.

बहुतेक संच ‘सँडविच’ पद्धतीचे, म्हणजे ग्राही दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडणारे असतात. खोक्यात पकड-प्रतिपिंड चिकटवलेली ९६ वेल (छोटे खळगे) असलेली प्लेट, कोरड्या भुकटीच्या रूपातले स्टँडर्ड (प्रयोगशाळेत घडवलेले, प्रमाण माहीत असलेले ग्राही प्रथिन), बायोटिन जोडलेले शोध-प्रतिपिंड, स्ट्रेप्टअव्हिडिन-एचआरपी (बायोटिनला चिकटणारे प्रथिन आणि त्याला जोडलेले पेरॉक्सिडेज विकर), टीएमबी (त्या विकरामुळे निळे होणारे रसायन), आम्लाचे थांबा-द्रावण आणि धुण्याचे संपृक्त बफर असते. प्रतिपिंडे सहसा उंदीर (माउस) सोडून रॅट, बकरी, हॅम्स्टर अशा प्राण्यांची निवडतात. उंदराचेच प्रतिपिंड वापरून ते उंदीर-विरोधी प्रतिपिंडाने शोधायला गेल्यास नमुन्यातले इम्युनोग्लोब्युलिनही रंग देते. माणसासाठीचा संच उंदरावर चालेल असेही गृहीत धरू नये.

खरी अडचण नमुन्याच्या आकारमानाची. २५ ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त २ मिलिलिटरच्या आतच. त्याला जिवंत ठेवून एका वेळी साधारण दहावा हिस्सा काढता येतो, म्हणजे सीरम जेमतेम ७०–८० मायक्रोलिटर. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर आणि प्रत्येक नमुना दोनदा, हा हिशेब सौम्य केल्याशिवाय बसत नाही. टीएनएफ ग्राहीसारखे सुटे ग्राही रक्तात मुबलक असल्याने सौम्य करावेच लागते. प्रमाण कमी असलेल्या ग्राहीसाठी मात्र प्रयोगाअखेर उंदीर मारताना काढलेल्या रक्ताचा नमुना वापरणे बरे.

सीरमसाठी रक्त ३० मिनिटे ते २ तास गोठू द्यावे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १०००–२००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट) बलाने १०–१५ मिनिटे फिरवावे आणि वाटे करून उणे ८० अंशांवर ठेवावे. लाल झालेला नमुना टाकून द्यावा, कारण फुटलेल्या रक्तपेशींतले हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखे वागते. ऊतीचा अर्क काढताना प्रथिनभंजक-रोधक हवेतच. एसडीएस हे तीव्र डिटर्जंट असलेला बफर प्रतिपिंडांची पकड मोडतो. सौम्य डिटर्जंट घ्यावे आणि निकाल दर मिलिग्रॅम एकूण प्रथिनामागे मांडावा.

स्टँडर्डच्या नळ्या निम्म्या-निम्म्याने सौम्य करतात: १०००, ५००, २५० करत १५.६ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत सात, शिवाय एक शून्य. दुहेरी धरल्यास १६ वेल यातच जातात. उरलेल्या ८० मध्ये ४० नमुने बसतात. पुढचा क्रम नमुना, शोध-प्रतिपिंड, एचआरपी, टीएमबी असा. वेळा संचागणिक बदलतात. टीएमबी येईपर्यंत प्रत्येक टप्प्यानंतर ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट) असलेल्या बफरने ३००–४०० मायक्रोलिटर भरून तीन ते पाच वेळा धुवावे आणि प्लेट कागदावर उलटी आपटावी. निळा रंग आम्लाने पिवळा होतो. तो लगेच ४५० नॅनोमीटरवर वाचून ५४० किंवा ५७० चे वाचन वजा करावे. स्टँडर्डच्या वाचनांवर चार-घटकी लॉजिस्टिक (इंग्रजी ‘एस’ आकाराचा) वक्र बसवावा, सरळ रेषा नव्हे.

सगळ्याच वेलांत गडद रंग आला तर बहुधा धुणे कमी पडलेले असते. रंगच आला नाही तर बफरमध्ये सोडियम अझाइड आहे का ते पाहावे. ते एचआरपीला मारते. फक्त कडेचे वेल वेगळे दिसले तर झाकण नीट बसलेले नव्हते किंवा प्लेट सगळीकडे सारखी तापली नव्हती.

नमुना अधिकाधिक सौम्य केल्यावर, सौम्यतेच्या पटीने गुणून काढलेला आकडा वाढतच गेला तर नमुन्यात काहीतरी आड येत आहे. बऱ्याचदा ते ग्राहीला आधीच चिकटलेले त्याचे संलग्नी (लिगँड, म्हणजे त्याचा संदेशरेणू) असते: प्रतिपिंडाची जागा त्याखाली झाकली गेली की ग्राही असूनही मोजला जात नाही. म्हणून माहितीपत्रकात ‘एकूण’ की ‘मुक्त’ ग्राही हे पाहावे आणि एका नमुन्यात ठरावीक स्टँडर्ड घालून त्यातले ८० ते १२० टक्के परत मिळते का ते तपासावे. दोन कंपन्यांची स्टँडर्ड वेगळी असतात. त्यामुळे एकाच अभ्यासात मध्येच संच बदलल्यास आधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखावर मांडता येत नाहीत.