सोळा ते अठरा वयाच्या मुलावर ‘मोठ्यांसारखी’ केस: कधी चालते, कोण ठरवतं आणि घरच्यांनी कोणते कागद जमवायचे

‘दादा, पेपरात आलंय पोराला मोठ्या माणसासारखी शिक्षा होणार, मग त्याला आता येरवडा जेलला टाकणार का?’ बाल न्याय मंडळाच्या (अठराच्या आतल्या मुलांच्या गुन्ह्यांच्या केसेस बघणाऱ्या मंडळाच्या) बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या एका आईने मला विचारलं. तिच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळ्यांची आधार कार्डं, लाईट बिल, रेशन कार्ड, स्वतःची लग्नपत्रिकासुद्धा, पण जो एक कागद त्या दिवशी लागत होता तोच नेमका नव्हता. मी विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक म्हणून तिथे बसतो, वकील नाहीये, पण माणसं कुठल्या कागदावर अडकतात ते बघून बघून पाठ झालंय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे ‘मोठ्यांसारखी केस चालवा’ असा काही फॉर्म नसतो जो कुणीही जाऊन भरावा. पोलीस मंडळापुढे तसा अर्ज टाकतात, बातमी त्याचीच होते, पण अर्ज टाकला म्हणजे मंजूर झाला असं नाही. मोर्चा किती मोठा निघाला, चॅनलवर किती दिवस चाललं यावरही ते ठरत नाही, निदान कायद्यात तरी नाही. 2000 सालच्या जुन्या कायद्यात अठराच्या आतला कुणीही असो, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात आणि विषय संपला. दिल्लीच्या डिसेंबर 2012 च्या निर्भया केसमधला अल्पवयीन आरोपी तीन वर्षं पूर्ण करून 20 डिसेंबर 2015 ला सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत नवीन बाल न्याय कायद्याचं बिल पास झालं, जे 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. त्या केसनंतर नेमलेल्या वर्मा समितीने 2013 मध्येच वय खाली आणू नका असं सांगितलं होतं, पण तेव्हा ऐकायच्या मूडमध्ये कुणी नव्हतं. तरी कायदा करताना चाळण्या बऱ्याच ठेवल्या, आणि माझ्या मते ते बरंच झालं. चाळण्या तीन: वय, कलम आणि मंडळाचा आदेश. तिन्हीतून गेला तरच केस मंडळाकडून बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीच्या कोर्टात जाते.

वय म्हणजे गुन्हा घडला त्या दिवशीचं वय, पकडलं त्या दिवशीचं नाही की तारखेच्या दिवशीचंही नाही. त्या दिवशी सोळा पूर्ण आणि अठरा अपूर्ण असेल तरच पुढचा प्रश्न येतो. पंधरा वर्षं अकरा महिन्यांचा असेल तर खून असला तरी मंडळच चौकशी करणार. आता हे वय सिद्ध कसं करायचं तर याच कायद्याच्या कलम 94 मध्ये क्रम ठरलेला आहे आणि लोक इथेच गडबड करतात. पहिला नंबर शाळेच्या जन्मतारखेच्या सर्टिफिकेटचा किंवा दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटचा. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला. तेही नसेल तरच हाडांची टेस्ट, ती मंडळाने सांगितल्यापासून पंधरा दिवसांत व्हायला पाहिजे, आणि तिच्यात एकदोन वर्षं इकडेतिकडे होतातच. आधार कार्ड या यादीतच नाही. नुसत्या टीसीवरही विसंबू नका, 2023 मध्ये पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने टीसी आणि प्रवेश रजिस्टरचा उतारा म्हणजे कलम 94 ला हवा तो कागद नव्हे असं म्हटलंय. म्हणून मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचं वेगळं सर्टिफिकेट सही-शिक्क्यासकट घ्या आणि ती तारीख कशावरून लिहिली त्याचा कागद शाळेकडे असेल तर त्याचीही कॉपी मागा.

आणि ती आपल्याकडची एक जून! गावाकडे गुरुजींनी पहिलीत नाव घालताना अर्ध्या वर्गाची जन्मतारीख एक जून टाकलेली असते, त्यावर आपण आयुष्यभर हसतो, वाढदिवसाचे मेसेज एकाच दिवशी टाकतो. पण बाकड्यावरच्या त्या आईचं पोर शाळेच्या हिशोबाने सोळा वर्षं आणि काही दिवसांचं होत होतं आणि ती सांगत होती की गणपतीत झालाय हो हा, म्हणजे तिच्या हिशोबाने अजून पंधराचाच. ग्रामपंचायतीत नोंद होती, पण पिशवीत नव्हती. शाळेचा कागद क्रमात वर असल्यामुळे हे भांडण सोपं नाही, तरी दोन्ही कागद मंडळापुढे आले पाहिजेत, तोंडी ‘गणपतीत झाला’ याला काही अर्थ नाही.

वयाचा मुद्दा उशिरा लक्षात आला तरी संपत नाही. कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, शिक्षा फायनल झाल्यावरसुद्धा तो मांडता येतो. 1994 मध्ये पुण्यात एकाच घरातल्या सात जणांचे खून झाले होते, त्या केसमध्ये फाशीची शिक्षा सुनावलेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी फक्त साडेबारा वर्षांचा होता असं राजस्थानातल्या शाळेच्या सर्टिफिकेटवरून निघालं आणि सुप्रीम कोर्टाने मार्च 2023 मध्ये त्याला सोडायला सांगितलं. तोपर्यंत अठ्ठावीस वर्षं आत गेली होती. एक शाळेचा कागद.

दुसरी चाळणी कलमाची, आणि इथे बातम्या वाचणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. कायद्यात गुन्ह्यांचे तीन गट आहेत: किरकोळ, गंभीर आणि अतिगंभीर, ज्याला लोक ‘हिनस’ म्हणतात. मोठ्यांसारखा खटला फक्त हिनसमध्ये. आणि हिनस म्हणजे ऐकून अंगावर काटा येतो असा गुन्हा नव्हे, तर ज्या कलमात कमीत कमी शिक्षाच सात वर्षं किंवा त्याहून जास्त आहे असा गुन्हा. कमीत कमी, हा शब्द लक्षात ठेवा. खून बसतो, बलात्कार बसतो कारण तिथे किमान दहा वर्षं आहेत, कमर्शियल क्वांटिटीचं, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या प्रमाणातलं ड्रग्ज बसतं. पण खुनाचा प्रयत्न? डोक्यात कोयता घातलाय, माणूस आयसीयूत आहे, जन्मठेपही होऊ शकते, तरी त्या कलमात किमान शिक्षा लिहिलेली नाही म्हणून तो गंभीर गटात जातो, हिनसमध्ये नाही. आणि गंमत बघा, तोच कोयता वापरून कुणाचा मोबाईल लुटला तर प्राणघातक हत्यारासह जबरी चोरीचं कलम लागतं, त्यात किमान सात वर्षं आहेत, म्हणजे हिनस! मोबाईलवाला हिनस आणि डोकं फोडणारा नाही, हे मलाही पटत नाही पण लिहिलंय ते असं आहे. 2020 च्या शिल्पा मित्तल निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं की जिथे जास्तीत जास्त शिक्षा सातच्या वर आहे पण किमान सात नाही तो गुन्हा हिनस धरायचा नाही, आणि मग 2021 च्या दुरुस्तीने कायद्यातच तसं लिहिलं.

आता पुण्याची पोर्शे केस यात ठेवून बघा म्हणजे कळेल. 19 मे 2024, कल्याणीनगर, गाडीच्या धडकेत दोघं गेले, गाडी चालवणारा मुलगा 17 वर्षं 8 महिन्यांचा. त्याच दिवशी जामीन आणि 300 शब्दांचा निबंध, त्यावरून अख्खा देश चिडला, मीही चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. पोलिसांनी मोठ्यांसारखी केस चालवायचा अर्ज केला. पण लावलेलं भारतीय दंड संहितेचं सदोष मनुष्यवधाचं कलम 304, त्यात दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे पण किमान काही नाही. मंडळाने जुलै 2025 मध्ये अर्ज फेटाळला. श्रीमंताचं पोर म्हणून सुटलं अशी बोंब झाली, आणि त्या केसमध्ये बाकी जे प्रकार झाले त्याबद्दल बोंब मारायलाच पाहिजे होती, पण हा मुद्दा झोपडपट्टीतल्या पोराला लागला असता तसाच लागला. फक्त झोपडपट्टीतल्या पोराकडे तो मांडणारा वकील पहिल्या दिवशी नसतो.

म्हणून एफआयआरची कॉपी हातात आली की आधी कलमं बघा आणि वकिलाला एकच विचारा, यातल्या कुठल्या कलमात किमान सात वर्षं आहेत का. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर 15100 ला फोन लावा, मुलांना फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत.

पहिल्या दिवसाचं थोडक्यात सांगतो. मुलाला पोलीस लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यात एक तरी बाई असतेच. जामीन हा नियम आहे, हिनस गुन्ह्यातसुद्धा, फक्त बाहेर जाऊन तो गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका आहे किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच मोडेल असं मंडळाला वाटलं तर नाकारतात आणि मग निरीक्षण गृहात, म्हणजे आपण ज्याला रिमांड होम म्हणतो तिथे. जामिनासाठी पालकाचं आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, दोन फोटो आणि हमीपत्र तयार ठेवा. बाप गावाला, आई कामाला आणि मंडळापुढे शेजारची मावशी, असं झालं की ‘याच्याकडे लक्ष द्यायला घरात कोण आहे’ या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

तिसरी चाळणी म्हणजे प्राथमिक मूल्यांकन, कलम 15. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत हे व्हायला पाहिजे. सुप्रीम कोर्टाने मे 2024 मध्ये सांगितलंय की ही मुदत ओलांडली म्हणून सगळं रद्द होत नाही, तेव्हा तीन महिने झाले आता आपण सुटलो असं समजू नका. मंडळाला तीन गोष्टी बघायच्या असतात, असा गुन्हा करायची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम काय होतील हे त्याला कळत होतं का, आणि कुठल्या परिस्थितीत ते घडलं. गुन्हा केला की नाही हे इथे ठरत नाही! पालक रात्रभर पोराला पढवून आणतात की सगळ्याला नाही म्हण, मग तो मानसशास्त्रज्ञापुढे नाव विचारलं तरी नाही म्हणतो, आणि रिपोर्टमध्ये ‘सहकार्य करत नाही’ असं येतं.

हरियाणात गुरुग्रामच्या शाळेत 2017 मध्ये एका लहान मुलाचा खून झाला होता, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्र किंवा मानसोपचाराची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, वाटलं तर घेऊ असं चालणार नाही. हेही तिथे आलंय की बुद्ध्यांक बरा आहे म्हणजे परिणाम कळत होते असा अर्थ होत नाही. मला विचाराल तर सगळ्या प्रोसेसमधली ही सगळ्यात कच्ची जागा. घटनेनंतर दोन-अडीच महिन्यांनी, रिमांड होममध्ये राहून आलेल्या, घाबरलेल्या पोराशी तासभर बोलून त्या रात्री त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते कसं कळणार? पण आहे ते हे आहे, त्यामुळे त्या तज्ज्ञाला आणि परिविक्षा अधिकाऱ्याला, ज्यांना सगळे पीओ (प्रोबेशन ऑफिसर) म्हणतात, जेवढे कागद देता येतील तेवढे द्या. पीओचा सामाजिक तपासणी अहवाल साधारण दोन आठवड्यांत जातो, ते घरी येतात तेव्हा कुलूप नको. शाळेची प्रगतीपुस्तकं आणि हजेरी, शाळा कधी सुटली, कामाला जात असेल तर कुठे, फिट येत असतील, डोक्याला मार लागला असेल, मानसिक उपचार चालू असतील तर सरकारी दवाखान्याचे केसपेपर, अपंगत्वाचं सर्टिफिकेट, बाप वारला असेल तर मृत्यूचा दाखला, घरात दारू आणि मारहाण असेल तर त्याची तक्रार. घरचं असं उघड्यावर मांडायची लाज वाटते, मी बघतो ना, बायका कागद पदराखाली धरतात, पण हेच कागद ‘परिस्थिती’ या शब्दाचा अर्थ सांगतात. शिवाय हिनस केसमध्ये पोलिसांनी साक्षीदारांचे जबाब एका महिन्यात मंडळापुढे ठेवायचे असतात आणि त्याची कॉपी पालकांना मिळते, ती मागून घ्या.

मंडळ नाही म्हणालं तर केस मंडळातच चालते आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. हो म्हणालं तर केस बाल न्यायालयाकडे जाते, आणि तिथेही खरंच मोठ्यांसारखी चालवायची का हे ते कोर्ट स्वतः परत तपासतं, हे बऱ्याच वकिलांनाही सांगावं लागतं. सोबतचे आरोपी अठराच्या वरचे असतील तरी खटला वेगळाच. दोषी ठरला तरी फाशी नाही आणि सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेपही नाही. एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला सुरक्षित ठिकाण म्हणतात तिथे ठेवतात, जेलमध्ये नाही, दरवर्षी रिपोर्ट जातो, आणि एकवीस झाल्यावर कोर्ट बघतं की सुधारला का, मग अटींवर सोडतं किंवा उरलेल्या शिक्षेसाठी जेलला पाठवतं. तर त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर हे, की लगेच येरवडा जेल नाही.

नातेवाईकांना एक हात जोडून विनंती, मुलाचा फोटो, नाव, शाळा स्टेटसला टाकू नका, ‘आमचा बाळ निर्दोष आहे’ म्हणूनसुद्धा नाही. ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढे पोलीस भरतीला, पासपोर्टला काय होईल हे सगळे विचारतात. मंडळातच संपलेल्या केसची नोंद पुढे आड येत नाही, चारित्र्य दाखल्यात पोलिसांनी ती दाखवायची नसते, पण मोठ्यांसारखा खटला चालून दोषी ठरला तर हे संरक्षण मिळत नाही, म्हणूनच कलम 15 च्या आदेशाला एवढी किंमत आहे.

त्या आदेशावर अपील होतं, तीस दिवसांत, आणि अपिलात आधीचे सोडून दुसरे तज्ज्ञ मागता येतात. पीडिताच्या घरच्यांनाही आदेश पटला नाही तर वर जाता येतं, गुरुग्रामच्या केसमध्ये खून झालेल्या मुलाचे वडीलच सुप्रीम कोर्टात गेले होते. आदेशाची कॉपी मुलाला लगेच द्यायची असते, तरी सर्टिफाईड कॉपीचा अर्ज त्याच दिवशी टाकून पोच घ्या, उद्या करू म्हणाल तर उद्या नेमका दुसरा शनिवार असतो.