रोबोट आला, आता सर्जन घडवायचा

गुदाशयाचा कर्करोग काढणे हे मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांमधले फार अवघड काम. जागा अरुंद, भोवती कटीची हाडे, शेजारी लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या बारीक नसा. गाठ भोवतालच्या चरबीच्या वेष्टनासकट, ते न फाटता बाहेर यावी लागते. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये हे तंत्र मांडले. पुढे स्टॉकहोममधल्या सर्जनांना कार्यशाळा घेऊन ते शिकवले गेले आणि तिथे त्याच जागी कर्करोग उलटण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. शिकवण्याची ताकद एवढी असते!

आज त्याच अरुंद जागेत रोबोट काम करतो. सर्जन कन्सोलवर, म्हणजे रुग्णापासून दूर असलेल्या नियंत्रण-मेजावर बसून त्रिमित चित्र पाहतो, उपकरणे मनगटासारखी वळतात, हाताची थरथर गाळली जाते. पण वापरातल्या बहुतेक यंत्रांत स्पर्श कळत नाही. पेशीजाल किती ताणले गेले आहे, हे डोळ्यांनीच ओळखावे लागते. ही नजर यंत्रासोबत विकत मिळत नाही.

गुदाशयाच्या कर्करोगात रोबोटची आणि दुर्बिणीची (लहान छिद्रांतून केलेली) शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रोलार’ चाचणीत दहा देशांतले ४७१ रुग्ण होते. शस्त्रक्रिया मध्येच थांबवून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोट गटात ८.१ टक्के, तर दुर्बीण गटात १२.२ टक्के निघाले; संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. सहभागी सर्जनांचा दुर्बिणीवरचा अनुभव रोबोटपेक्षा बराच जास्त होता. त्यामुळे हा निकाल मला यंत्राइतकाच शिक्षणाबद्दल बोलणारा वाटतो.

पूर्वी नवे तंत्र बरेचदा पाहून आणि करून शिकले जाई. त्याची किंमत सुरुवातीचे रुग्ण मोजत. युरोपियन अकॅडमी ऑफ रोबोटिक कोलोरेक्टल सर्जरीसारख्या संस्थांनी याला शिस्त आणली. आधी सिम्युलेटरवर, म्हणजे आभासी शस्त्रक्रियेच्या यंत्रावर सराव, मग अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. तीही तुकड्यातुकड्यांनी: रोबोटचे हात रुग्णाजवळ जोडणे, मुख्य रक्तवाहिनी बांधणे, आतडे मोकळे करणे, आणि सर्वांत शेवटी कटीच्या खोलीतले काम. एक टप्पा जमल्यावर पुढचा. दोन कन्सोल असतील तर प्रशिक्षक क्षणात ताबा स्वतःकडे घेतो. शेवटी शिकणाऱ्याच्या शस्त्रक्रियेचे न कापलेले चित्रीकरण परीक्षक तपासतात. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण अडखळण्याच्या जागा संपादित चित्रफितीत दिसतच नाहीत.

शिवाय शिकायचे असते ते अख्ख्या चमूने. कन्सोलवरचा सर्जन रुग्णापासून दूर असतो, त्याच्या हातांत निर्जंतुक मोजेही नसतात. अचानक रक्तस्राव झाला तर पहिला दाब टेबलाजवळच्या सहायकाला द्यावा लागतो आणि रोबोटचे हात झटपट सोडवावे लागतात. कोणी काय करायचे, कोणत्या क्रमाने, याची रंगीत तालीम रुग्ण टेबलावर येण्याआधीच व्हायला हवी.