उन्हाळी संगीत शिबिर: तयारीचं कोणतं आणि हौसेचं कोणतं?

एप्रिल लागला की साकोली, अर्जुनी मोरगाव, ब्रह्मपुरी, वडसा या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकाच तोंडवळ्याची पत्रकं फिरायला लागतात. 'निवासी संगीत शिबिर. तलावाकाठी. सर्व वयोगटांसाठी.' खाली पेटी-तबल्याचं चित्र, चहा-नाश्ता-जेवणाची सोय, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. यावरून काहीच कळत नाही, कारण या एका नावाखाली आपल्याकडे दोन निरनिराळ्या गोष्टी भरतात. एक तयारीचं शिबिर, दुसरं हौसेचं. सूर तेच, ताल तेच, कधीकधी शिकवणारे गुरुजीही तेच. पण भजनी मंडळातले साठीचे काकाजी तयारीच्या शिबिरात जाऊन बसले तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची पिशवी भरलेली दिसते. आणि संगीताची मध्यमा ही परीक्षा द्यायची असलेली पोरगी आठवडाभर हौसेच्या शिबिरात राहून आली की बाप विचारतो, "मंग शिकली काय?"

तयारीचं शिबिर बहुतेकांच्या ओळखीचं आहे, त्यामुळे त्यावर फार शाई खर्च करत नाही. त्याचा कणा म्हणजे परीक्षा. विष्णु दिगंबर पलुसकर १९३१ साली गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही त्या मंडळाची शिडी आज खेड्यातल्या पोरांनाही पाठ आहे. परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात, म्हणून उन्हाळी शिबिर एक तर तोंडावर आलेल्या परीक्षेची उजळणी असते, नाही तर हिवाळी सत्राची पायाभरणी. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यापासून पालकांचा ओढाही वाढला. सकाळी सुरांचे अलंकार आणि पलटे घोटणं, दुपारी लेखी, म्हणजे ताल लिपीत लिहिणं, रागाची माहिती घोटणं, आणि संध्याकाळी एकेकाला समोर बसवून ऐकणं. यात वावगं काही नाही. विशारद झालेले गुरुजी तालुक्याच्या गावी राहतात, खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला आठवड्यातून एखादा तास येतो, तोही बस चुकली नाही तर. अशा मुलाला सलग आठ दिवस गुरुजी मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

हौसेच्या शिबिरात परीक्षा नाही, पहिला-दुसरा नाही. येणारी माणसं पाहिली तरी फरक कळतो. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात वाढलेले खंजिरीवाले येतात. तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीवर अख्खा विदर्भ गायला लावला, त्याची पुण्याई अजून गावोगाव शिल्लक आहे. दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवणारा येतो. झाडीपट्टी, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भातल्या नाटकांत ऑर्गनवर बसणारा एखादा येतो, कारण त्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन साधारण होळीच्या आसपास आटपतो आणि उन्हाळ्यात तो मोकळा असतो. शिवाय निवृत्त मास्तर, अंगणवाडीताई, आईबरोबर आलेली शाळकरी पोरं. पहिल्या संध्याकाळी यांचे सहा-सात जणांचे गट पाडतात. प्रत्येक गटात एक पेटी, एक तबला किंवा ढोलकी, दोघं-तिघं गाणारे, बाकी टाळ-खंजिरी. प्रत्येक गटाने एखादा अभंग, एखादी बंदिश घ्यायची आणि आठ दिवस तिच्यावर एकत्र बसायचं. गुरुजी गटागटांतून फिरतात. रात्री जेवणं झाली की सगळे तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर. तिथे कोण किती शिकलेला, हे कोणी विचारत नाही.

ही दुभागणी आपल्याकडचीच आहे असं नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात दोन तळ्यांच्या मधोमध इंटरलॉकेन नावाचं शिबिर आहे. जोसेफ मॅडी या संगीतशिक्षकाने १९२८ साली शाळकरी वाद्यवृंदासाठी ते सुरू केलं. तिथे वाद्यवृंदातली जागा टिकवायला मुलांना दर आठवड्याला एकमेकांशी स्पर्धा करावी लागे, अशी पद्धत पुष्कळ वर्षं चालली. उलट कॅनडातल्या हौशी संगीतकारांनी १९५३ साली कॅमॅक नावाची संस्था काढली. तिचं केंद्र क्वेबेक प्रांतात मॅकडोनाल्ड तळ्याकाठी आहे आणि तिथे उन्हाळ्यात आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं घर वाजवायला जातं. तळं दोन्हीकडे, उन्हाळा दोन्हीकडे, वाद्यंही थोडीफार तीच. तरी एकातला मुलगा दुसऱ्यात नेऊन बसवला तर गोंधळेल.

गोंधळेल म्हणजे काय, ते आपल्याच शिबिरात बघता येतं. विशारदच्या वाटेवरचा एक मुलगा तबल्यावर होता. तीनतालाच्या सोळा मात्रांत कायदा, पलटे, तिहाई, सगळं चोख. त्याला काकाजींच्या अभंगाला साथीला बसवलं. ताल केरवा, आठ मात्रा, धागे नाती नक धिन, त्याच्या हाताला हे म्हणजे काहीच नाही. पण काकाजी ओळ संपली की डोळे मिटून 'माउली' म्हणत मनाला येईल तेवढं थांबतात. कधी दोन मात्रा, कधी अख्खं आवर्तन. मुलगा हिशेबाने पुढच्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, जाऊन पोहोचायचा आणि काकाजी मागेच. तिसऱ्यांदा असं झाल्यावर बाजूच्या दंडारवाल्या ढोलक्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काकाजींच्या गळ्याकडे बोट केलं. काकाजी पुन्हा उचलायच्या आधी गळ्याची शीर ताणली जाते, श्वास भरला जातो, खांदा किंचित वर येतो. ढोलक्या त्यावर डोळा ठेवून हात हलका फिरवत राहतो आणि बरोबर समेवर थाप देतो. त्याला मात्रा मोजून दाखव म्हटलं तर जमणार नाही. परीक्षेत हा माणूस नापास झाला असता, आणि त्या अभंगात तो पोरगा. दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखं पुष्कळ होतं, पण ती देवाणघेवाण व्हायला शिबिर हौसेचं असावं लागतं. तयारीच्या शिबिरात असा ढोलक्या दारातच अडतो, कारण अर्जावर 'यापूर्वी उत्तीर्ण केलेली परीक्षा' असा रकाना असतो.

दुसरा मोठा फरक पट्टीचा, म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा त्याचा. तयारीच्या शिबिरात प्रत्येकाने आपल्या पट्टीत गायचं असतं, म्हणून हा प्रश्न उठतच नाही. हौसेच्या शिबिरात तो पहिल्याच तासाला उठतो. पुरुषांचा गळा साधारण काळी एक किंवा काळी दोनला, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या सुराला बसतो, बायकांचा काळी चार-काळी पाचकडे. एकाच गटात दोघं बसले की कोणीतरी ओरडतो नाही तर कोणीतरी पुटपुटतो. बहुतेक भजनी मंडळांत पुरुषांची पट्टी धरून बायकांना ओढत नेतात, मला ते कधीच पटलेलं नाही. जाणता पेटीवाला वेगळी युक्ती करतो. पुरुषांचा सा काळी एक धरायचा आणि बायकांची कडवी काळी तीनला घ्यायची. काळी तीन म्हणजे पुरुषांचा मध्यम (म), आणि काळी एक म्हणजे बायकांचा पंचम (प). त्यामुळे काळी एकला लावलेला तबला न हलवता दोन्हीकडे चालून जातो, एकीकडे षड्ज म्हणून, दुसरीकडे पंचम म्हणून. बायकांना पट्टी थोडी खालची वाटते, पण गळा मोकळा राहतो. पंडित जसराजांच्या जसरंगी जुगलबंदीत स्त्री आणि पुरुष आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग एकाच वेळी गातात, त्यामागेही सुरांची हीच नाती आहेत. आपल्याला तेवढं लांब जायचं नाही, एक हरिपाठ नीट झाला तरी पुरे.

तलावाकाठ दोन्ही पत्रकांवर असतो. तयारीच्या शिबिराला तो शोभेला. दिवसभर खोल्यांत दारं लावून रियाज चालतो, तलाव जाता-येता दिसतो तेवढाच. हौसेच्या शिबिराला मात्र तो खरोखर लागतो, कारण वाजवणं उघड्यावर होतं आणि मे महिन्यात झाडीपट्टीत उघड्यावर बसायचं तर पहाटे आणि रात्री पाण्याजवळच. जागांची वाणही नाही. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाच्या मंडळींनी बांधलेले तलाव गावोगाव आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. शाळेच्या सुटीत शाळेच्या खोल्या मिळतात, पारीवर झाडांची सावली असते, आणि गाव जरा लांब असल्यामुळे रात्री दहापर्यंत निवांत बसता येतं. भोंगा लावायचा नाहीच. हौसेच्या शिबिरात माईक आला की पहिल्या दिवसापासून सगळे एकमेकांचं ऐकणं सोडून स्पीकरचं ऐकायला लागतात.

पाण्याजवळची हवा वाद्यांना मात्र छळते, आणि याबद्दल पत्रकात कधीच काही नसतं. पहाटे पारीवर दमट गारवा असतो, दायाँची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची, चामड्याची पुडी सैल पडते, सूर उतरतो. दहा वाजता पारा चढला की तीच पुडी कोरडी होऊन ताणते आणि तबला काळी एक सोडून वर सरकतो. हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, वरून ठोकायचं की खालून, बाजूचे लाकडी गट्टे दाबायचे की सैल सोडायचे, हे दिवसातून चारदा करावं लागतं. दुपारी खोलीत कूलर लागतो. कूलरच्या झोतात ठेवलेला तबला अर्ध्या तासात उतरतो, आणि कूलरच्या घरघरीत तानपुरा ऐकूच येत नाही, मग तो तारांचा असो की मोबाइलमधला. कूलर भिंतीकडे वळवून ठेवायचा आणि वाद्यं त्याच्या आडोशाला, एवढं एक कळलं तरी निम्मी भांडणं मिटतात. पेटीचे सूर पितळी पत्त्यांचे, ते असे हलत नाहीत, पण लाकूड सुकून भाता फुसफुसायला लागतो. तयारीच्या शिबिरात हे सगळं गुरुजी करून देतात, विद्यार्थ्याला लावलेला तबला आयता मिळतो. हौसेच्या शिबिरात तबला लावणं हाच पहाटेचा तास असतो. दहा वर्षांचं पोर हातोडी धरतं आणि पेटीवाला सा धरून बसतो. माझ्या मते आठ दिवसांत शिकण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

तारखांवरूनही ओळख पटते. तयारीचं शिबिर शाळेच्या सुटीला बांधलेलं. हौसेच्या शिबिराला गावाचं पंचांग बघावं लागतं. एप्रिल अखेरपासून मेच्या बऱ्याच भागापर्यंत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, अर्धं गाव पहाटेच जंगलात जातं आणि दुपारी पुडे बांधतं. उन्हाळी धानाची कापणी त्याच सुमाराला. लग्नसराईमुळे बँडवाले मे महिन्यात हाती लागत नाहीत, आणि एखादा आला तर मध्येच सुपारी येते आणि ट्रम्पेट घेऊन निघून जातो. २५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, तेव्हा पारीवरसुद्धा सकाळी आठनंतर बसवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाकडे डोळे लागतात. म्हणजे उरतात ते मधले थोडे दिवस. ज्या पत्रकावर एक ते दहा मे अशी तारीख आणि वर 'ग्रामस्थांसाठी' असं लिहिलंय, ते काढणाऱ्याने ग्रामस्थांना विचारलेलं नाही, हे पक्कं समजा.

मुलांच्या संस्कार शिबिरांशीही कधीकधी गल्लत होते. तिथे प्रार्थना, व्यायाम, भजन, शिस्त असा सगळा दिवस असतो. भजन त्यातला एक भाग. मुलासाठी चांगलंच, पण तबला शिकायला तिथे पाठवू नये.

खरी अडचण येते ती दोन्ही एकत्र करणाऱ्यांची. वर्गणी कमी पडते म्हणून आयोजक एकाच छपराखाली परीक्षार्थी आणि हौशी दोघांनाही घेतात. मग दुपारच्या वेळी एका कोपऱ्यात मुलगी यमनची आलापी घोटते आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाच खंजिऱ्या. समारोपाला तालुक्याचे पाहुणे येतात, त्यांच्यासमोर चांगलं दिसावं म्हणून शेवटचे दोन दिवस फक्त तयार मुलांवर मेहनत, आणि भजनी मंडळाला 'तुम्ही शेवटी पसायदान म्हणा' एवढं सांगून मोकळं. काकाजी मंडळी तेही प्रेमाने म्हणतात. पण पुढच्या वर्षी येत नाहीत.

म्हणून पत्रक आलं की दिलेल्या नंबरवर फोन करून थोडं विचारून घ्यावं. वयाची अट काय, असं विचारलं तर 'सर्वांसाठी' असंच उत्तर मिळेल, त्याला अर्थ नाही. दुपारी चार वाजता काय चालू असतं, ते विचारा. 'लेखीचा तास' असं उत्तर आलं तर तयारीचं, 'आपापल्या गटात' असं आलं तर हौसेचं. शेवटच्या दिवशी मंचावर कोण बसतं? वाद्य स्वतःचं आणायचं का, आणि आणलं तर लावून द्यायला कोणी आहे का? नवरा-बायको दोघं आले तर एका गटात गाता येईल का? पलीकडचा माणूस या शेवटच्या प्रश्नावर हसला, तर पोराचं नाव नोंदवा आणि स्वतः घरी थांबा. आणि 'ताई, तुमची पट्टी कोणती?' असं त्यानेच उलट विचारलं, तर दोघांचीही नावं द्या आणि हातोडी आठवणीने पिशवीत टाका, कारण शिबिरात ती नेहमी एकच असते आणि सगळ्यांना पहाटे पाचला लागते.