सीएमएल रुग्णांमधील रक्तस्राव

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) या रक्ताच्या कर्करोगात, मूळ आजारामुळे किंवा त्यावरील औषधांमुळे होणारा रक्तस्राव. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की घोळणा फुटणे नवे नसते. ‘उष्णता झाली’ म्हणून डोक्यावर पाणी मारले जाते. विड्या वळणाऱ्या बायकांच्या हिरड्यांतून रक्त आले की दोष मिश्रीला जातो, आणि यंत्रमाग कामगाराच्या दंडावरचा काळानिळा डाग मार लागल्याचा समजला जातो. बहुतेकदा ही कारणे खरीही असतात. सीएमएलच्या रुग्णाने मात्र त्यावर विसंबू नये.

नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेल्याने हा आजार होतो. त्यातून बनणाऱ्या आखूड गुणसूत्राला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ते 1960 मध्ये प्रथम दिसले. अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, पानथरी सुजते आणि प्लेटलेट्सही बिघडतात.

रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या या प्लेटलेट्सची संख्या निरोगी माणसात दर मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख असते. ती घटली की रक्त जाते, एवढे बहुतेकांना डेंग्यूमुळे ठाऊक झाले आहे. सीएमएलमध्ये उलटेही घडते. संख्या दहा लाखांच्या वर गेली की रक्तातील फॉन विलेब्रांड या प्रथिनाचे मोठे रेणू प्लेटलेट्सना चिकटून नाहीसे होऊ लागतात. जखमेच्या जागी प्लेटलेट्सना धरून ठेवणारे हेच रेणू असल्याने संख्या भरपूर असूनही रक्त थांबत नाही. अशा वेळी गुठळीच्या भीतीने परस्पर ॲस्पिरिन घेणे घातक ठरते. येथे उपाय म्हणजे वाढलेली संख्या औषधांनी खाली आणणे. काही रुग्णांत आकडा अगदी व्यवस्थित असतो, पण पेशी काम नीट करत नाहीत. म्हणून केवळ आकडा पाहून निर्धास्त होणे चुकीचे आहे.

आजार ब्लास्ट अवस्थेत, म्हणजे शेवटच्या आणि सर्वांत तीव्र टप्प्यात गेला की अपक्व पेशी मज्जा व्यापतात आणि प्लेटलेट्स खरोखरच घटतात. मेंदूतील किंवा आतड्यातील गंभीर रक्तस्रावाचा धोका या टप्प्यात सर्वांत मोठा असतो. पांढऱ्या पेशी अतिशय वाढल्यास डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होऊन अचानक अंधुक दिसू लागते.

अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळालेल्या इमॅटिनिब या गोळीने या आजाराचे स्वरूप पालटले. उपचारांच्या पहिल्या महिन्यांत रोगट पेशी मरतात, पण निरोगी मज्जा अजून सावरलेली नसते, त्यामुळे प्लेटलेट्स उतरतात. आजाराच्या पहिल्या टप्प्यात त्या 50 हजारांखाली गेल्यास डॉक्टर गोळी काही काळ थांबवतात आणि 75 हजारांवर आल्या की पुन्हा सुरू करतात. हा निर्णय रुग्णाने स्वतः घेऊ नये. गोळ्या वारंवार चुकल्या तर आजार पुन्हा डोके वर काढतो. डॅसॅटिनिब हे पुढचे औषध प्लेटलेट्सची संख्या पुरेशी असतानाही त्यांचे कार्य मंदावते. ते घेणाऱ्यांत आतड्यातून रक्तस्राव झाल्याचे आढळते, म्हणून अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. यंत्रमागावर दिवसभर उभे राहणाऱ्याला हे पाळणे अवघड जाते, म्हणून घरच्यांनाही त्याची कल्पना असावी.

डांबरासारखी काळी शौच, न थांबणारा घोळणा, त्वचेवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्त जाणे, उलटीसह तीव्र डोकेदुखी: यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तरी तपासून घेतल्याशिवाय तसे गृहीत धरू नये. इमॅटिनिब घेताना डोळ्याच्या पांढऱ्या भागावर उमटणारा, न दुखणारा लाल डाग मात्र सहसा आपोआप विरतो.

पावसाळ्यात ताप येऊन प्लेटलेट्स उतरल्या, तर डेंग्यू, औषध आणि आजाराची वाढ या तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात. पपईच्या पानांचा रस पीत वाट पाहण्यात वेळ जातो. दात काढण्यापूर्वी किंवा दंडात इंजेक्शन घेण्यापूर्वी गोळीचे नाव आणि ताजा रक्तअहवाल डॉक्टरांना दाखवावा.