उंदराकडून माणसाकडे : प्लेगच्या पिसवेचा शोध

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाला गाठीचा प्लेग झाल्याचे ओळखले. प्लेगचा जंतू तेव्हा अज्ञात नव्हता. दोनच वर्षांपूर्वी अलेक्झांडर येर्सिन यांना तो हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे मात्र कळलेले नव्हते. रोग घाणीत, जमिनीत, कोंदट घरांत मुरतो, असा समज होता. म्हणून भिंतींना चुना फासला, जमिनी उकरल्या, ऊन यावे म्हणून कौले उतरवली. पुण्यात १८९७ साली रँडच्या अमलाखाली झालेल्या घरझडत्या आपण चापेकरांच्या संदर्भात वाचतो. त्या झडत्यांमागचे शास्त्र किती अपुरे होते, हेही त्याच जोडीने सांगायला हवे.

उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी घालायची, हे लोक अनुभवाने शिकले होते. ते का उपयोगी पडते, याचे उत्तर पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांना गवसले. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारे आजारी पडतात, बऱ्याच वेळापूर्वी मेलेला उंदीर मात्र बाधत नाही, हे त्यांनी हेरले. उंदराचे अंग गार पडले की पिसवा त्याला सोडून जातात, हा त्याचा अर्थ. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी पिसवा असलेला आजारी उंदीर बरणीत ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श झाला नाही, तरी वरचाही प्लेगने मेला.

सरकारी प्लेग कमिशनने हे मानले नाही. त्याला निव्वळ हटवादीपणा म्हणणे मला पटत नाही, कारण प्रयोग मोजके होते आणि इतरांना ते साधत नव्हते. शंका रास्त होती. पण पिसू विचारात घेण्याचेच कारण नाही, हा निष्कर्ष घाईचा होता आणि त्यात मोलाची वर्षे गेली.

मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्रश्न पुन्हा उकरला. उंदीर मेलेल्या घरांत त्यांनी गिनीपिग सोडले. भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या आणि काही गिनीपिगना प्लेग झाला. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत, पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले प्राणी वाचतात, हेही दिसले.

१९१४ मध्ये लंडनला बॅकॉट आणि मार्टिन यांनी पुढचा दुवा जोडला: जंतूंनी पिसवेचा अन्नमार्ग तुंबतो, रक्त पोटात उतरत नाही, म्हणून ती पुन्हापुन्हा चावते आणि जखमेत जंतू ओकते. या शतकातल्या प्रयोगांनी त्यातही भर घातली आहे. अन्नमार्ग तुंबण्याआधीही, जंतू घेतल्यावर थोड्याच दिवसांत, काही पिसवा प्लेग देऊ शकतात.